उद्याच्या पगारातले शहाणपण

काही वर्षांपूर्वीपर्यंत मार्च महिना उजाडला की सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांच्या शिक्षककक्षांत एक ठराविक लगबग सुरू होत असे. गुंतवणुकीच्या पावत्या आस्थापना शाखेतल्या लिपिकाकडे अमुक तारखेपर्यंत पोचवावयाच्या असत. न पोचल्यास फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून करकपात ठरलेली. मग टपाल कचेरीच्या खिडकीपुढे राष्ट्रीय बचतपत्रांसाठी रांग लागे, विमा प्रतिनिधीची पावले स्टाफरूमकडे वळत, आणि वर्षभर ज्याला महिन्याकाठी हजार रुपये बाजूला काढणे जमलेले नसे तो गृहस्थ मेव्हण्याकडून उसने घेऊन एकदम बारा हजारांची पावती फाडून आणी. या दृश्याची टवाळी पुष्कळ झाली आणि ती अनाठायीही नव्हती. घाईत घेतलेल्या विम्याच्या पॉलिसीत नेमके काय लिहिले आहे, हे कित्येकांनी ती पंधरा वर्षांनी परिपक्व झाल्यावरच वाचले. परंतु त्या पंधरा वर्षांनी हाती काही रक्कम आली, मुलीच्या शिक्षणाला किंवा घराच्या पहिल्या हप्त्याला ती उपयोगी पडली, हेही तितकेच खरे आहे. शहाणपणाने जे घडले नसते ते भीतीने घडले.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ज्या माणसाची गाठ पडते, त्याला अशा मार्चची गरज नसते. तो आपल्या आयुष्यभराच्या मिळकतीचा अंदाज बांधतो, म्हातारपणाचा खर्च आजच जोखतो, आणि त्या हिशेबाने दर महिन्याला नेमकी रक्कम शिल्लक टाकतो. वेळेच्या बाबतीतही तो असाच काटेकोर. आपल्या तासाची किंमत त्याला ठाऊक असते आणि ती तो कुठेही कमी करीत नाही. हा माणूस कोणाच्या शेजारी राहतो, हे मात्र आजवर कोणी सांगितलेले नाही. १९७९ साली डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने या पुस्तकी माणसाला पहिला मोठा धक्का दिला. माणूस आपली एकूण मालमत्ता किती, याचा विचार करून निर्णय घेत नाही. आज आहे त्या ठिकाणाहून लाभ झाला की हानी, एवढेच तो पाहतो. आणि हानीचे दुःख त्याला तेवढ्याच लाभाच्या सुखाहून बरेच अधिक जाणवते. शंभराची नोट हरवल्याची हळहळ शंभराची नोट सापडल्याच्या आनंदाने भरून निघत नाही, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही. पण शास्त्राला ते सांगावे लागले. काहनमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की तोवर हयात नव्हते.

याच दोघांनी १९८१ साली मांडलेला एक साधा प्रश्न पैसा आणि वेळ यांच्या नात्यावर अधिक प्रकाश टाकतो. एका ग्राहकाला १२५ डॉलरचे जाकीट आणि १५ डॉलरचे गणकयंत्र घ्यावयाचे आहे. दुकानदार सांगतो की, वीस मिनिटांच्या अंतरावरील आमच्या दुसऱ्या शाखेत हेच गणकयंत्र १० डॉलरला मिळेल. ग्राहकाने जावे काय? विचारलेल्यांपैकी ६८ टक्के लोकांनी होय म्हटले. मग दुसऱ्या गटाला किमती उलटवून हाच प्रश्न विचारला. आता जाकीट १५ डॉलरचे, गणकयंत्र १२५ चे, आणि दुसऱ्या शाखेत ते १२० ला मिळते. या वेळी केवळ २९ टक्के लोक जावयास तयार झाले. वाचणारे पाच डॉलर तेच, खर्ची पडणारी वीस मिनिटे तीच, एकूण खरेदीही तेवढीच. बदलले ते फक्त पाच डॉलरांचे शेजारी. आपल्याकडे कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये सोडवण्यासाठी मंडईच्या तीन फेऱ्या मारणारा माणूस सदनिकेच्या व्यवहारात पन्नास हजारांची रक्कम ‘आता एवढ्यात काय पाहायचे’ म्हणून सोडून देतो. ती सोडताना आपण उदार झालो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने आपल्याच वेळेचे दोन निरनिराळे भाव लावलेले असतात, आणि जेथे भाव चढा असावयास हवा तेथे तो नेमका पडलेला असतो.

वेळेची आणखी एक गंमत आहे. पैशाच्या बाबतीत माणूस निदान साशंक तरी असतो. पुढल्या महिन्यातही खर्च असणारच, हे तो अनुभवाने जाणतो. पुढल्या महिन्यातला वेळ मात्र त्याला सदैव मोकळा दिसतो. गॅल झौबरमन आणि जॉन लिंच या दोन अमेरिकी संशोधकांनी २००५ साली हेच दाखवून दिले. आजच्या मानाने भविष्यात आपल्यापाशी अधिक सवड असेल असा भरवसा लोकांना पैशापेक्षा वेळेबाबत पुष्कळच जास्त वाटतो. म्हणूनच दोन महिन्यांनंतरच्या व्याख्यानाचे निमंत्रण हसत स्वीकारले जाते आणि तो दिवस आला की यजमानांना शिव्याशाप मिळतात. कॅनडातील एका विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो केव्हा पुरा होईल असे विचारण्यात आले होते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत त्यांच्या अंदाजाची सरासरी सुमारे ३४ दिवस आली आणि प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. विशेष म्हणजे, आपली आधीची कामेही अशीच लांबली होती, हे त्या विद्यार्थ्यांना ठाऊक होते. पण मागचे अनुभव मागच्या खात्यावर आणि पुढच्या आशा पुढच्या खात्यावर, अशी ही मनाची दुहेरी नोंदवही असते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी नेणाऱ्या शिक्षकांना यावर अधिक भाष्य नको.

या शास्त्राच्या प्रत्येक निष्कर्षाला वेदवाक्य मानण्याचे मात्र कारण नाही. न्यूयॉर्कमधील टॅक्सीचालक दिवसाची ठराविक कमाई झाली की घरी जातात, त्यामुळे धंदा तेजीत असेल त्याच दिवशी ते लवकर थांबतात आणि मंदीच्या दिवशी रात्रीपर्यंत चाक फिरवीत राहतात, असा निष्कर्ष १९९७ साली निघाला आणि तो पुष्कळ गाजला. पुढे हेन्री फार्बर या अर्थशास्त्रज्ञाने २००९ ते २०१३ या काळातील फेऱ्यांच्या कितीतरी मोठ्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालक सर्वसाधारणपणे कमाई चांगली असेल तेव्हा अधिक काम करतात असेच दिसले. माणूस पुस्तकातल्याइतका शहाणा नाही, हे सिद्ध करण्याच्या उत्साहात तो आहे त्याहून मूर्ख ठरवला जाण्याचा धोका असतो. गरिबाच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण त्याच्या अडचणीचे खापर त्याच्या स्वभावावर फोडणे फार सोयीचे पडते. तामिळनाडूतील ऊस-उत्पादक शेतकऱ्यांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. उसाचे पैसे हाती पडण्यापूर्वीच्या ओढगस्तीच्या काळात आणि ते मिळाल्यानंतर, अशा दोन वेळी त्याच शेतकऱ्यांना बुद्धीच्या चाचण्या देण्यात आल्या. सुगीआधीची त्यांची कामगिरी उणी भरली. माणूस तोच, मेंदू तोच, पण त्या मेंदूचा मोठा हिस्सा उधारीच्या हिशेबात गुंतलेला. उसाचे बिल लांबले की काय होते, हे कोल्हापूर-सांगलीकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा काटकसर हा निव्वळ शीलाचा प्रश्न आहे, असा उपदेश करणाऱ्यांनी तो महिनाअखेरीस न करता एक तारखेस करावा.

मुळात माणसाला आपली दुर्बलता ठाऊक नसते, असेही नाही. उलट, ती चांगली ठाऊक असल्याचा भक्कम पुरावा आपल्या सामाजिक जीवनात ठायी ठायी विखुरलेला आहे. मातीचा गल्ला हा त्यातला सर्वांत जुना. तो फोडल्याखेरीज उघडत नाही, हा त्याचा दोष नसून गुण आहे. चाळीतल्या बायकांची भिशी घ्या. दरमहा ठरलेली रक्कम टाकावयाची, चिठ्ठी निघेल तिने सगळी उचलावयाची. व्याज म्हणाल तर काही नाही. व्याजाच्या हिशेबाने पाहिले तर जिची चिठ्ठी शेवटी निघते ती तोट्यातच जाते. तरी भिशी टिकली, कारण तिच्यात एक शक्ती होती जी बँकेच्या खात्यात नाही. हप्ता चुकला तर उद्या नळावर तोंड दाखवावे लागते. लोकलाज हीच तारण. पिग्मी ठेव हा त्याच जातीचा प्रकार. १९२८ साली उडुपीत सिंडिकेट बँकेने, म्हणजे तिच्या तेव्हाच्या लहानशा अवताराने, दारोदार जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा करण्यास आरंभ केला, आणि पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पतपेढ्यांनी ती पद्धत उचलली. पानवाल्याच्या टपरीवर संध्याकाळी येणारा पिग्मीवाला जे व्याज देई ते नाममात्र असे, आणि मुदतीआधी पैसे काढले तर तेही जाई. पानवाल्याला हे कळत नव्हते काय? चांगले कळत होते. आपले पैसे आपल्यापासून वाचवण्याची ती मजुरी आहे असे समजून तो ती देत होता. काही पतपेढ्यांनी त्या विश्वासाचे पुढे काय केले, हा निराळा आणि अधिक कडू विषय आहे.

फिलिपीन्समधील मिंडानाओ बेटावर एका ग्रामीण बँकेने या लोकव्यवहाराचीच शास्त्रीय परीक्षा पाहिली असे म्हणता येईल. काही जुन्या ग्राहकांना असे खाते देऊ करण्यात आले की ज्यातले पैसे स्वतःच ठरवलेल्या तारखेपर्यंत किंवा स्वतःच ठरवलेली रक्कम पुरी होईपर्यंत काढता येणार नाहीत. व्याज साध्या खात्याइतकेच. पुस्तकी माणसाने असे खाते कधीच उघडले नसते, कारण त्यात लाभ काही नाही आणि स्वातंत्र्य मात्र जाते. देऊ केलेल्यांपैकी २८ टक्के लोकांनी ते उघडले. पुष्कळांनी तर कुलूप असलेली पेटीही विकत घेतली, जिची किल्ली बँकेकडे राही. वर्षभराने, ज्यांना हे खाते देऊ करण्यात आले होते त्या सगळ्या गटाची सरासरी शिल्लक ८१ टक्क्यांनी वाढली होती. ही पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. नळावरच्या बायकांनी तिच्यासाठी थांबण्याचे कारण नव्हते.

नोकरदारांसाठी हीच युक्ती रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्सी यांनी अधिक खुबीने योजली. आजच्या पगारातून जादा कपात करा म्हटले तर तो पगाराला बसलेला चिमटा वाटतो. म्हणून त्यांनी कामगारांना विचारले ते उद्याविषयी. पुढल्या वेळी पगारवाढ होईल तेव्हा त्या वाढीतला काही भाग आपोआप बचतीत जाऊ द्याल काय? हातात येणारी रक्कम कधीच कमी होणार नव्हती, केवळ ती वाढावयाची तितकी वाढणार नव्हती. शिवाय उद्याच्या बाबतीत माणूस उदार असतो आणि एकदा भरलेला अर्ज रद्द करण्याचा आळस त्याला असतो. ज्या दुबळेपणामुळे बचत होत नाही, त्याच दुबळेपणाला त्यांनी बचतीच्या गाड्याला जुंपले. १९९८ साली एका मध्यम आकाराच्या कारखान्यात हा प्रयोग प्रथम झाला. ज्यांच्यापुढे ही योजना ठेवली गेली त्यांतील ७८ टक्के लोकांनी ती पत्करली, आणि चाळीस महिन्यांत, चार पगारवाढींनंतर, त्यांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. थेलर यांनाही २०१७ साली नोबेल मिळाले.

स्वतंत्र भारतातील नोकरदाराच्या बचतीचा इतिहास याच दृष्टीने वाचण्याजोगा आहे. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने कारखान्यातील कामगाराचा पगार हाती पडण्यापूर्वीच त्यातून वर्गणी कापली. त्याला विचारले नाही. १९७४ साली चलनवाढ आवरण्यासाठी वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत टाकण्यात आला, तेव्हा कर्मचारी संघटनांनी त्यावर रान उठवले, आणि त्यांचा राग रास्त होता, कारण महागाईने पिचलेल्या माणसाच्या तोंडचा घास काढून महागाई उतरवण्याचा तो प्रकार होता. सक्ती आणि सोय यांतली सीमारेषा तेथे ओलांडली गेली. त्याच सुमारास शाळाशाळांतून संचयिका निघाल्या. वर्गशिक्षकांनी चार-आठ आणे गोळा करून इवल्याशा पासबुकात नोंदी केल्या, आणि एका पिढीला बँकेची ओळख मस्टरच्या शेजारी ठेवलेल्या त्या वहीने झाली. पुढे आयकरातल्या सवलती आल्या. १९६१ च्या कायद्यातील ८० सी या कलमाची मर्यादा २०१४ साली दीड लाख झाली आणि मध्यमवर्गाच्या तोंडी ते कलम इतके रुळले की त्याला जणू घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा दर्जा आला. त्याचे सगळेच सल्ले चांगले नव्हते. पण त्याच्या धाकाने पैसे घरात राहत.

हा धाक आता उठला आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात सवलतींविना कमी दराची नवी कररचना पर्याय म्हणून आली. २०२३-२४ या वर्षापासून तीच मूळ रचना ठरली आणि जुनी हवी असणाऱ्याने तसे आवर्जून सांगावे असा नियम झाला. ३१ जुलै २०२४ पर्यंत दाखल झालेल्या ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी ५ कोटी २७ लाख, म्हणजे ७२ टक्के, नव्या रचनेतली होती. यातल्या अनेकांना ती खरोखरच फायद्याची होती. २०२५-२६ साठी बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ झाल्यावर तर बहुसंख्य शिक्षकांना आणि लिपिकांना जुन्या रचनेत राहण्याचे कारणही उरले नाही. करमाफीबद्दल कोणी तक्रार करणार नाही. परंतु कर कमी झाला त्याच फटक्यात मार्चची ती रांगही गेली, आणि तिच्या जागी काय आले, याची चर्चा कोणी केली नाही. भविष्य निर्वाह निधीचेही तसेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने अंशतः रक्कम काढण्याच्या तेरा निरनिराळ्या तरतुदी तीन गटांत आणल्या आणि अंशदानाचा पंचवीस टक्के भाग किमान शिल्लक राखून उरलेली सगळी पात्र रक्कम काढता येईल असा निर्णय घेतला. स्वतःच्या पैशासाठी अर्जांच्या फेऱ्या माराव्या लागणे हा अन्याय होताच. तथापि त्या फेऱ्यांमुळेच पुष्कळांचा निधी निवृत्तीपर्यंत पोचला, ही गोष्टही विसरता येत नाही. गल्ल्याला झाकण बसवले की तो अधिक सोयीचा होतो, गल्ला मात्र राहत नाही.

राज्यसंस्था अशी मागे सरली त्याच वर्षांत दुसरे कोणी पुढे सरले. नागरिकाच्या आळसाचा, आशेचा आणि हानीच्या तिटकाऱ्याचा अभ्यास केवळ विद्यापीठांतच झालेला नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शेअरबाजार आणून ठेवणाऱ्यांनी तो अधिक मन लावून केला आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातील वायदे आणि ऑप्शन्स यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्चासह हा तोटा माणशी सरासरी सुमारे दोन लाखांचा आणि सगळ्यांचा मिळून एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर नफा मिळवणारे शंभरात एक. या बाजारात तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होते, ते एका वर्षात ४३ टक्क्यांवर गेले. वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी असल्याचे सांगणारे तीन चतुर्थांशांपेक्षा जास्त. म्हणजे हा धनिकांचा शौक नव्हे. ज्याचे वडील मार्चमध्ये टपाल कचेरीच्या रांगेत उभे राहत, त्या मुलाची ही गोष्ट आहे.

याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट या सर्व आकड्यांपेक्षा अधिक बोलकी आहे. लागोपाठ दोन वर्षे तोटा खाल्लेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक तरीही खेळत राहिले. काहनमन-ट्वर्स्कींच्या जुन्या निबंधात याचे उत्तर आहे. लाभात असताना माणूस जपून वागतो. हानीत असताना मात्र तो धोका पत्करतो, कारण हानी मान्य करण्यापेक्षा ती दुप्पट होण्याची जोखीम त्याला बरी वाटते. टेरन्स ओडीन यांनी १९९८ साली अमेरिकेतील एका दलाली पेढीच्या दहा हजार खात्यांची छाननी केली, तेव्हा चढलेले शेअर झटकन विकावयाचे आणि पडलेले उराशी धरून बसावयाचे, हीच प्रवृत्ती दिसली. तोट्यातला शेअर विकला नाही तोवर तोटा झालेला नाही, ही समजूत किती लोकांची रात्रीची झोप सांभाळून आहे! जुगारी माणसाचे हे जुनेच लक्षण असून फरक एवढाच की, पूर्वी त्यासाठी अड्ड्यावर जावे लागे आणि वाटेत कोणीतरी ओळखीचे भेटे. आता तो वर्गात, लोकलच्या डब्यात, जेवणाच्या सुट्टीत, कोणाच्याही नजरेस न येता खेळता येतो. नळ नाही, तोंड दाखवणेही नाही. पैशाबरोबर जो वेळ जातो, अभ्यासाचे तास, स्पर्धापरीक्षेची वर्षे, त्याची नोंद सेबीच्या अहवालात असण्याचे कारण नाही. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून करारांचा किमान आकार वाढवला आणि दर आठवड्याला मुदत संपणाऱ्या करारांवर निर्बंध घातले. तरी २०२४-२५ मध्येही ९१ टक्के व्यक्ती तोट्यातच राहिल्याचे तिच्याच पुढील अहवालात नमूद आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीर आहे. सज्ञान नागरिकाचे भले कशात आहे, हे सरकारने का ठरवावे? जुन्या सक्तीत सरकारचा स्वार्थही होता. अल्पबचतीचा पैसा सरकारी तिजोरीच्याच कामी येत असे, आणि मध्यमवर्गाने चलनवाढीपुढे न टिकणारे व्याज निमूटपणे स्वीकारले. हे सारे मान्य. पण अर्जावर कोणता तरी रकाना आधी भरलेला असणारच. कोणीही काही न सांगितल्यास काय होईल, हे कोणाला तरी ठरवावेच लागते, आणि बहुसंख्य लोक जे आधी ठरलेले असते तेथेच राहतात. अमेरिकेतील एका कंपनीत नव्या नोकरदारांना निवृत्तियोजनेत आपोआप सामील करून घेतले, तेव्हा सामील होणारे एकदम वाढले. पण बहुतेक जण कंपनीने सहज म्हणून ठरवलेल्या तीन टक्क्यांच्या वर्गणीवरच थांबले, त्यांत पूर्वी अधिक वर्गणी भरली असती असेही लोक होते. २००१ साली प्रसिद्ध झालेली ही पाहणी दोन्ही बाजूंना सावध करणारी आहे. रकाना रिकामा ठेवणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. तो रिकामा सोडला की दुसरे कोणीतरी तो भरते, आणि आज तो कोण भरीत आहे, हे वर आलेच.

महाराष्ट्रात याचा एक नमुना अगदी ताजा आहे, आणि तो कोणा नोबेलविजेत्याच्या सल्ल्याने घडलेला नाही. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना जानेवारी २०१६ ते डिसेंबर २०१८ या तीन वर्षांची थकबाकी देय झाली. सरकारने ती एकदम न देता २०१९-२० पासून पाच वार्षिक हप्त्यांत देण्याचे ठरवले आणि भविष्य निर्वाह निधीचे खाते असलेल्यांचे हप्ते त्या खात्यात जमा केले. तिजोरीत पैसा नव्हता, हे खरे कारण होते. करोनाच्या काळात हप्ते लांबले, तेव्हा संघटनांनी सरकारला धारेवर धरले आणि ते योग्यच होते. पण ज्यांचे हप्ते निधीत गेले त्यांची ती रक्कम जागेवर राहिली. सरकारच्या नाइलाजातून, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, थेलर यांची योजना मराठीत उतरली. ज्यांचे निधीचे खातेच नव्हते, म्हणजे नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेले, त्यांच्यासाठी असा आडोसा नव्हता. आणि नेमक्या त्यांनाच खात्रीचे जुने निवृत्तिवेतनही नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक त्यासाठी संपावर गेले होते, हे वाचकांना आठवत असेल.

केंद्राने आठवा वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमला आणि त्याला अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली. केंद्राच्या मागोमाग राज्यांची वेतनश्रेणी सुधारते, हा आजवरचा शिरस्ता आहे. सुधारित वेतनाचा दिवस येईल तेव्हा मोटारींचे आणि सदनिकांचे विक्रेते, कर्जवाल्या कंपन्या आणि पडद्यावरचे दलाल आपापले अर्ज अर्धे भरून कर्मचाऱ्यापुढे हजर असतील, यात शंका बाळगण्याचे कारण नाही. कर्मचारी संघटनांनी आणि वित्त विभागाने आपलाही एक अर्ज तयार ठेवावा. वाढलेल्या वेतनातला, कर्मचारी स्वतः लिहील तेवढा हिस्सा दरमहा भविष्य निर्वाह निधीत, आणि ज्याला तो निधी नाही त्याच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, परस्पर वळता व्हावा, आणि नको असेल त्याने एका ओळीच्या पत्राने तो केव्हाही थांबवावा. सक्ती नाही, करसवलत नाही, सरकारवर बोजाही नाही. लागते ती फक्त वेतनदेयकातील एका स्तंभाची सोय. मात्र तो अर्ज वेतननिश्चितीच्या विकल्पपत्रासोबतच, सुधारित वेतनाचे पहिले देयक निघण्यापूर्वी, आस्थापना शाखेने हाती दिला पाहिजे. दुसऱ्या महिन्यात दिला तर तो कोणी भरणार नाही, कारण तोवर वाढलेला पगार हा कालचाच पगार झालेला असेल.